नऊ किलो

अप्पा आमच्या शिवणक्लासात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, मुलीचं नाव घालायला आले असतील. दुपारची वेळ होती, पंधरा-सोळा मुली मशिनवर बसलेल्या. दारात चपला काढून ते आत आले, उभ्या उभ्या सगळ्या मशिनींवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "बाई, एक मीटर दोऱ्याचं वजन किती असतंय?"

तोवर बारा वर्षं मी हुबळीत शिवण शिकवत होते. घरचं कापडाचं दुकान, त्यामुळं कापड आणि दोरा यांच्याविषयी लोकांनी मला नाही नाही ते विचारलेलं. रंग जाईल का, आटेल का, उसवेल का. वजन मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"दोऱ्याला कसलं आलंय वजन?" मी म्हटलं.

"असतंय की," ते शांतपणे म्हणाले. "मला पुष्कळ लागणार आहे, म्हणून विचारलं." आणि त्यांनी पिशवीतून एक लाकडी डबी काढली. तिच्यात सोनाराकडं असतो तसला लहानसा तराजू होता. माझ्या टेबलावरचं रीळ त्यांनी तोललं, दहा मीटर दोरा उलगडला, पुन्हा तोललं आणि आकडा पेन्सिलीनं रिळाच्या पुठ्ठ्यावर लिहिला. मुलींची मशिनं केव्हाच थांबली होती.

"कशाला हवाय एवढा?" मी विचारलं.

"विमानाचे पंख शिवायचे आहेत."

एक मुलगी हसली. अप्पा तिच्याकडं वळून म्हणाले, "हस, हस. मीही पहिल्यांदा हसलो होतो."

ते एका तंत्रशाळेत सुतारकामाचे मास्तर होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तरुणपणी पुण्यात ग्लायडर उडवायला शिकले होते, पुढं इंजिनाच्या विमानाचाही परवाना काढला होता. पण उडवायला विमान कुठलं? मग परदेशातून टपालानं नकाशे मागवले आणि गोकुळ रोडवर एका ओळखीच्या कारखान्यामागची शेड घेऊन स्वतःच बांधायला बसले. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, पुढं दोन सिलिंडरचं लहानसं इंजिन, आणि जागा एकाच माणसाची. मी पहिल्यांदा शेडवर गेले तेव्हा बांधकामाला सहा वर्षं झाली होती. अर्ध्या हुबळीला ठाऊक होतं, आणि त्यातले बहुतेक जण त्यांना चक्रम समजत होते.

चक्रम ते होतेच. पण त्या चक्रमपणाला हिशेब होता. इंजिन लहान, त्यामुळं ते किती वजन उचलणार हे ठरलेलं. विमान, माणूस आणि पेट्रोल मिळून एक आकडा सरकारी कागदावर लिहिलेला होता आणि त्याच्यापुढं एक किलोही जायची परवानगी नव्हती. अप्पांची सगळी विचित्र वागणूक त्या एका आकड्यातून आलेली होती.

शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीनं तिचं वजन लिहिलेलं असे. पंखाच्या आतली एक फासळी त्यांनी माझ्या हातात दिली. उन्हात वाळलेला पापड उचलावा तशी वाटली. तिच्यावर ग्रॅममध्ये आकडा होता, तो खोडून खाली दुसरा, तोही खोडून तिसरा. नंतर तीच फासळी त्यांनी दोन बाकांवर आडवी ठेवली, तिच्यावर वाळूच्या पिशव्या रचत गेले आणि ती मोडली नाही.

संध्याकाळी काम आटोपलं की ते जमिनीवरचा रंध्याचा भुसा आणि कपचे झाडून गोळा करायचे आणि तोलायचे. "आजची कमाई चाळीस ग्रॅम," असं म्हणून वहीत मांडायचे. दिवसभरात विमानातून काय बाहेर गेलं, ती त्यांची कमाई. त्या भुशावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, कित्येक वर्षं आंघोळीचं पाणी तापवलं.

'साकु' हा त्यांचा आवडता शब्द. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. आमच्या घरच्या एका लग्नात वाढपी जिलबीचं ताट घेऊन त्यांच्यापुढं आला. अप्पांनी पानावर आडवा हात धरला. "साकु." वाढप्यानं आग्रह केला, "एक घ्या हो मास्तर, एकानं काय होतंय?" अप्पा म्हणाले, "एकानं काही होत नाही हे खरं आहे. पण प्रत्येक जिलबी एकच असते." वाढप्याला काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या अक्कांनी मात्र ती जिलबी आपल्या पानात घेतली आणि म्हणाल्या, "मला कुठं उडायचं आहे?"

वजनाच्या बाबतीत ते कंजूष होते, पण आंधळे नव्हते. गोकुळ रोडवरच्या एका टर्नरनं पंख विमानाच्या धडाला जोडायच्या लोखंडी पट्ट्या करून दिल्या होत्या. अप्पांना खूश करावं म्हणून त्यानं आपण होऊन त्या पट्ट्यांना सुंदर गोल भोकं पाडली. दहाएक ग्रॅम कमी झाले होते. अप्पांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडं धरली. "फिनिशिंग एकदम छान आहे तुझं," म्हणाले, आणि पट्टी पकडीत धरून हातोड्यानं वाकडी करून टाकली, पुन्हा कुणी चुकून बसवू नये म्हणून. टर्नर रागावला. अप्पांनी त्याला बसवून चहा पाजला आणि समजावलं, "हे बघ, जिथं जीव टांगलेला आहे तिथला एक ग्रॅमही काढायचा नाही. आणि जिथं टांगलेला नाही तिथं एक ग्रॅमही ठेवायचा नाही. एवढंच आहे सगळं." टर्नरनं पट्ट्या नव्यानं केल्या. पुढं तोच त्यांचा सर्वांत पक्का माणूस झाला.

मी कापड शिवायला लागले. मशिनची शिवण थोडी. खरं काम हातचं. सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं आणि प्रत्येक फासळीला मेण लावलेल्या दोऱ्यानं टाचायचं. पंख उभा धरलेला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अक्का. वीतभर लांब सुई मी कापडातून आरपार घालायची, अक्कांनी ती पलीकडून ओढून परत माझ्याकडं पाठवायची. मध्ये कापड असल्यानं एकमेकींचं तोंड दिसत नसे, आवाज तेवढा यायचा. चार महिने आम्ही अशा बोललो. अक्कांचं माहेर बेळगावकडचं, सासर धारवाडचं. मराठीत सुरू झालेलं वाक्य त्या कन्नडमध्ये संपवायच्या. एकदा मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

सुई बराच वेळ परत आली नाही. मग पलीकडून आवाज आला, "म्हणून तर टाके मी घालतेय. दुसऱ्या कुणावर कसं सोडू?"

कापड टाचून झाल्यावर त्यावर एक प्रकारचं रोगण चढवायचं असतं. त्यानं कापड आकसतं आणि ढोलासारखं ताठ होतं. किती हात द्यायचे, किती पातळ, हे अप्पांनी लिहून दिलं होतं. त्यावर ऊन लागू नये म्हणून रुपेरी रंगाचा पातळ हात, बस्स. तेवढ्यात कागदपत्रांसाठी त्यांना दहा-बारा दिवस बेंगळुरूला जावं लागलं.

इथं माझी चूक झाली. चूक म्हणजे हौस. रोगणाचे हात दिले, पण कापडाचा दाणा दिसत होता. माझ्या नजरेला ते खपेना. माझ्या हातचं काम असं खरबरीत कुणी पाहिलं नव्हतं. मी बाजारातल्या एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. आम्ही रोगणाचे आणखी तीन हात दिले, मध्ये मध्ये घासले, आणि वर पंखांपासून शेपटीपर्यंत झगझगीत लाल रंग चढवला. पंखावर माझा चेहरा दिसायला लागला. टर्नर येऊन बघून गेला, शेजारच्या कारखान्यांतली माणसं येऊन गेली. अक्कांनी एकदाच विचारलं, "त्यांना विचारलं काय?" मी म्हटलं, "येऊन बघतील की."

अप्पा आले. शेडच्या दारात थांबले. मग हळूहळू पंखाच्या कडेनं चालत गेले, कापडावरून तळवा फिरवत. टोकाशी पोचल्यावर म्हणाले, "सुंदर झालंय, बाई." आणि तळवा तसाच कापडावर ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आनंदानं.

आठ दिवसांनी विमान तोललं. बाजारातल्या मिरचीच्या व्यापाऱ्यांकडून तीन मोठे वजनकाटे आणले, तीन चाकांखाली तीन ठेवले. अप्पांनी तिन्ही आकडे लिहिले, बेरीज केली, पुन्हा केली. मग वही मिटून खिशात घातली आणि म्हणाले, "ठीक आहे." टर्नरनं विचारलं, "किती, अप्पा?" ते म्हणाले, "थोडं बघावं लागेल."

पुढचे दिवस ते शेडमध्ये एकटेच काहीबाही काढत होते. बैठकीची गादी गेली, तिथं ताणलेला पट्टा आला. पायाखालची फळी अर्धी झाली. नटाच्या बाहेर आलेली बोल्टची टोकं कापली गेली. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत होते, लाल रंगाबद्दल एक शब्द नाही. मीही मजेत होते. क्लासच्या मुलींना दाखवायला नेलं होतं.

एक दिवस भर दुपारी अक्का क्लासात आल्या. त्या कधी येत नसत. मला बाहेर पायरीवर घेऊन गेल्या.

"बाई, ते जेवत नाहीत."

"म्हणजे?"

"सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी ताक. पंधरा दिवस झाले. काल शाळेत चक्कर आली, मुलांनी रिक्षात घालून घरी आणलं. विचारलं तर म्हणतात, वजन कमी करायचं आहे. त्यांच्या अंगावर आहे काय कमी करायला?"

मला अजून कळेना. "पण का?"

"विमान नऊ किलो जास्त भरलं." अक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "एकूण आकडा एकच आहे म्हणे. पेट्रोल कमी करता येत नाही. विमानातून निघेल ते काढलं, तीन-साडेतीन किलो निघालं. राहिलेलं आता ते स्वतःतून काढणार आहेत."

"ते नऊ किलो कुठून आले, अक्का?"

"ते मला विचारू नका." त्या उठल्या. "त्यांनी मला शपथ घातली आहे, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. मी सांगितलं नाही."

मी मुलींना घरी पाठवलं आणि कपाटातली मोठी कात्री घेऊन गोकुळ रोडला गेले. अप्पा शेडमध्ये स्टुलावर बसले होते. गालांची हाडं वर आली होती. मी पंधरा दिवस त्यांना रोज बघत होते आणि मला ती दिसली नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

"अप्पा, रंग किती भरला?"

त्यांनी मान हलवली. "झालं ते झालं, बाई."

"किती?"

"रंग आणि वरचे तीन हात धरून सात. दोनेक किलो माझंच, इकडचं तिकडचं." मग घाईनं म्हणाले, "नुसतं वजन नाही, जागाही बघावी लागते. शेपटीवरचा रंग सगळ्यांत वाईट. तराजूची दांडी लांब असते ना, टोकाला एक ठेवला की इकडं पुढं तीन ठेवावे लागतात. पण करतो मी काहीतरी."

"घासून काढता येईल?"

"नाही. कापडात मुरलंय."

"मग कापड काढू."

ते स्टुलावरून उठले. "चार महिन्यांचं काम आहे तुमचं. ते कापायला मी सांगणार नाही."

"तुम्ही सांगत नाही आहात," मी म्हटलं, आणि डाव्या पंखाच्या मुळाशी कात्रीचं टोक घातलं.

ताणलेलं कापड फाडताना फार मोठा आवाज होतो. पहिल्यांदा टरकावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यानंतर काही वाटलं नाही. अप्पा थोडा वेळ बघत उभे राहिले, मग सुरी घेऊन दुसऱ्या बाजूनं आले आणि टाके कापायला लागले. संध्याकाळपर्यंत सांगाडा उघडा पडला आणि जमिनीवर लाल ढीग झाला. अप्पांनी तो काट्यावर टाकला नाही. म्हणाले, "आज तोलायचं नाही." मी म्हटलं, "आज तुम्ही जेवायचं." त्या दिवशी अक्कांनी चार भाकऱ्या थापल्या आणि अप्पांनी तीन खाल्ल्या.

दुसऱ्यांदा कापड चढवायला अडीच महिने लागले. या वेळी मीच ब्रशचे हात मोजायची, मीच 'साकु' म्हणायची. रुपेरी रंगाचा एक पातळ हात आणि बाजूला नोंदणीची अक्षरं, एवढंच. कापडाचा दाणा स्पष्ट दिसत होता. पुन्हा तीन काटे आले. आकडा कागदावरच्यापेक्षा दीड किलो खाली भरला. टर्नर म्हणाला, "अप्पा, आता गादी परत घाला." अप्पा म्हणाले, "कशाला?"

विमान खात्याचे अधिकारी आले, तपासून सही करून गेले. पहिल्या उड्डाणाला आम्ही धावपट्टीच्या कडेला उभ्या होतो. इंजिनाचा आवाज वाढला तशा अक्का विमानाकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"उचललं काय?" त्यांनी विचारलं.

"उचललं."

"वाकडं आहे काय?"

"सरळ आहे, अक्का. बघा तरी."

"चाकं टेकली की सांगा." अकरा मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. मी "टेकली" म्हटल्यावर वळल्या आणि सरळ पदर खोचून चालायला लागल्या, अप्पा उतरायच्या आत त्यांच्यापाशी पोचल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर चार वर्षं अप्पा रविवारी सकाळी उडायचे. हुबळीतल्या लोकांना सवय झाली. विमान मात्र एकाच माणसाचं, त्यामुळं अक्का त्यात कधी बसल्या नाहीत, मीही नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शिंपी काय दुसऱ्याचा कोट घालून हिंडतो?

एका रविवारी परवानगी काढून ते अळणावरच्या बाजूला गेले. दहाच्या सुमाराला माझ्या घरी फोन आला, कुठल्याशा गावच्या दुकानातून: विमान शेतात उतरलंय, मास्तर बरे आहेत, टेंपो पाठवा. टर्नरनं टेंपो काढला. अक्का आणि मी पुढं बसलो. धारवाड मागं पडलं. तेव्हा अक्का म्हणाल्या, "मास्तर बरे आहेत, असंच म्हणाला ना?" मी हो म्हटलं. अळणावर येईपर्यंत त्यांनी ते चारदा विचारलं.

अप्पा एका बांधावर बसून तांब्यातलं ताक पीत होते. भोवती सगळं गाव. विमान भाताच्या कापलेल्या खाचरात, पुढच्या बांधापासून दहा-बारा पावलांवर उभं होतं. नळीत कचरा अडकून इंजिन बंद पडलं होतं.

"खाली बघितलं तर सगळी एवढी एवढी खाचरं," अप्पा सांगत होते. "हे एक जरा मोठं दिसलं. हलकं आहे म्हणून सावकाश उतरलं. जड असतं तर बांध लागला असता." एवढंच. अक्कांनी त्यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, मग गुडघे, आणि त्यांच्या शेजारी बांधावर बसल्या.

टेंपो रस्त्यावर, आणि रस्ता सात-आठ बांधांपलीकडं. बैलगाडीसुद्धा येत नव्हती. गावकरी विमानाकडं लांबूनच बघत होते. एवढा मोठा जिन्नस कसा हलणार म्हणून. अप्पांनी खिळे काढून पंख वेगळे केले. गवत कापायला आलेल्या बायकांपैकी दोघी पुढं झाल्या. डोक्यावर चुंबळ ठेवून एकीनं पंखाचं एक टोक घेतलं, दुसरीनं दुसरं, आणि दोघी बांधावरून चालायला लागल्या. मागून दुसरा पंखही तसाच निघाला. धड आठ माणसांनी उचललं, शेपटीला तर एक म्हातारा एका हातानं धरून चालत होता, दुसऱ्या हातात त्याची काठी. माझे पंख दोन बायकांच्या डोक्यावर डुलत पुढं चाललेले मी मागून बघत होते.

पहिली बाई पंख टेंपोत ठेवून आली. चाळिशीची असेल. चुंबळ सोडून झटकत ती अप्पांना म्हणाली, "उगंच भ्यालो बघा आम्ही, मास्तर. ह्येच्यापरीस आमचा गवताचा भारा जड असतोय."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. मी त्यांना आकडा जमला तेव्हा पाहिलं होतं, अधिकाऱ्यानं सही केली तेव्हा पाहिलं होतं, पहिल्यांदा खाली उतरले तेव्हाही पाहिलं होतं. असा चेहरा पाहिला नव्हता.

"काय म्हणालात, ताई?" त्यांनी विचारलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं. मी शेजारीच उभी होते.

"म्हटलं, गवताचा भारा जड असतोय ह्येच्यापरीस."

अप्पा अक्कांकडं वळले. "ऐकलंस काय?"

"ऐकलं," अक्का म्हणाल्या. "आता टेंपोत बसा."